‘जुनं उकरून काय मिळणार?’ म्हणणाऱ्यांना

‘युरोपातली संग्रहालयं गुलामगिरीची आणि ज्यूंच्या छळाची प्रदर्शनं भरवून आजच्या पिढीला उगाच अपराधी ठरवतात. त्या काळी ते सगळ्यांनाच मान्य होतं. आणि आपला त्याच्याशी काय संबंध?’ अशा अर्थाचा मजकूर सगळीकडे फिरतोय. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

पहिला, अपराधी ठरवण्याचा. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२१मध्ये गुलामगिरीवर प्रदर्शन भरवलं. त्यात १६८९ सालचा एक पितळी गळपट्टा होता. संग्रहालयात तो वर्षानुवर्षं कुत्र्याचा पट्टा म्हणून नोंदलेला. पण जुन्या चित्रांत असे पट्टे दिसतात ते श्रीमंतांच्या घरी राबणाऱ्या काळ्या पोरांच्या गळ्यात. नोंद चुकली होती, ती सुधारली. यात आजच्या डच माणसावर कसला ठपका? चित्रकार रेम्ब्राँने १६३४मध्ये रंगवलेलं ओप्येन कोपिट या श्रीमंत बाईचं देखणं चित्रही तिथे होतं. ते कुणी भिंतीवरून उतरवलं नाही. तिच्या नवऱ्याच्या घरचा पैसा साखरेच्या कारखान्यातला, आणि ती साखर ब्राझीलमधल्या गुलामांच्या घामाची, एवढं फक्त सांगितलं.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. ‘सगळ्यांना मान्य होतं’ म्हणताना गुलामांना त्या ‘सगळ्यां’त धरलेलंच नसतं. कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाओ या डचांच्या ताब्यातल्या बेटावर १७९५मध्ये टुला नावाच्या गुलामाने उठाव केला. आपण सगळे आदम-हव्वेचीच लेकरं ना, असं त्याने समजूत घालायला आलेल्या पाद्र्याला विचारल्याची नोंद आहे. त्याला हालहाल करून मारलं. पुढे १८६३मध्ये सूरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीतली गुलामगिरी संपली, तेव्हा मालकांना माणशी ३०० गिल्डर (डच नाणं) भरपाई मिळाली. गुलामांना छदाम नाही, वर आणखी १० वर्षं करारावर राबण्याची सक्ती.

ज्यूंचंही तेच. अॅमस्टरडॅममध्ये २०२४मध्ये उघडलेल्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) संग्रहालयाच्या भिंतींवर दुसऱ्या महायुद्धात देश नाझी जर्मनीच्या ताब्यात असतानाचे ज्यूविरोधी हुकूम छापलेत. बागेत जायचं नाही, सायकल चालवायची नाही, अशी एकेक बंदी कायद्याच्या भाषेत येत गेली. नेदरलँड्समधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,०२,००० मारले गेले. पण ही इमारत मुळात अध्यापक विद्यालयाची. समोरच्या नाट्यगृहात ज्यूंना डांबत, त्यांची मुलं विद्यालयाशेजारच्या पाळणाघरात ठेवत. तिथल्या बायका आणि विद्यालयातली माणसं कुंपणावरून मुलं पलीकडे घेत. मधून ट्राम गेली की पहारेकऱ्यांना पलीकडचं दिसत नसे. तेवढ्यात मूल घेऊन निसटायचं. अशी सुमारे ६०० मुलं वाचली. त्याच काळात, त्याच रस्त्यावर, हे मान्य नसलेली माणसं जीव धोक्यात घालत होती.

राहिला आपला संबंध. राइक्सम्युझियमच्या त्या प्रदर्शनात एक कहाणी ‘व्हान बेंगालेन’ नावाची होती. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बंगालकडून नेऊन विकलेल्या माणसांना हेच आडनाव चिकटवलं जाई. आणि गोवा तर आपल्या दाराशी आहे. तिथे पोर्तुगीजांच्या राज्यात १५६०मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा संशय असलेल्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलं. बाटवलेल्या ज्यूंच्या घराण्यातल्या कातारिना द ओर्ता हिला १५६९मध्ये जिवंत जाळलं. तिचा भाऊ गार्सिया म्हणजे औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा वैद्य. तो आधीच वारला होता, म्हणून १५८०मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. या भावंडांची आणि पोर्तुगीज जहाजांतून आणून गोव्यात विकलेल्या आफ्रिकी माणसांची हकीकत सांगणारं मोठं प्रदर्शन गोव्यातच व्हावं, अशी माझी मागणी आहे.