‘आज रात्री भूकंप’ म्हणजे नेमकी कोणती रात्र?

हिंगोली-नांदेडकडे जमीन जराशी हलली की गावागावांतल्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: नासाचा इशारा आहे, आज रात्री साडेतीन ते चारच्या दरम्यान मराठवाड्यात ८.२ रिश्टरचा भूकंप होणार. किल्लारीच्या वेळीही सरकारला माहीत होतं, पण लपवलं. अवकाशातून घातक किरणं येणार, मोबाइल बंद ठेवा. आधी सूचना मिळावी म्हणून खालचं ॲप टाका. वीस जणांना पाठवा.

‘आज रात्री’पासूनच सुरू करू. मेसेजमध्ये तारीख नाही. त्यामुळे तो कुठल्याही रात्री चालतो. हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास आणि पुन्हा १० जुलैला सकाळी सातनंतर ४.५ च्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले. दोन्ही वेळा आधी कुणीही सांगू शकलं नव्हतं.

नासा ही अवकाश संस्था. अमेरिकेत भूकंपाचं काम तिथली भूगर्भ सर्वेक्षण संस्था बघते, आणि आजवर कुठल्याही शास्त्रज्ञाने मोठ्या भूकंपाचं भाकीत केलेलं नाही, असं ती स्वतः सांगते. आपल्याकडे दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र वेळ, तीव्रता आणि केंद्रबिंदू जाहीर करतं. धक्का बसल्यावर, आधी नाही.

८.२ हा आकडा तर विचार न करता टाकलेला आहे. तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा साधारण ३२ पट होते. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. म्हणजे हा त्याच्या हजारपट. दख्खनच्या पठारावर एवढ्या मोठ्या भूकंपाची नोंदच नाही.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. म्हणून तर ‘साडेतीन ते चार’ वाचलं की आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या पोटात गोळा येतो. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दहा हजारांच्या घरात माणसं गेली. सरकारने लपवलं, हा आरोप लोकांना पटतो त्यालाही कारण आहे: १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे लहान धक्के जाणवले होते. पण लहान धक्क्यांमागून मोठा येतोच असं नाही. कोयनेच्या भागात असे हजारो नोंदले गेलेत. शिवाय तेव्हाच्या भूकंप नकाशात किल्लारीचा पट्टा सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात होता. तो जास्त धोक्याच्या तिसऱ्या विभागात आला २००२ मध्ये. जे माहीतच नव्हतं ते लपवणार कसं? माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर कोसळून. प्रश्न विचारायचाच तर घरांबद्दल विचारा.

किरणांचं थोडक्यात: अवकाशातून वैश्विक किरणं रोजच येतात, भूकंपाशी त्यांचा संबंध नाही. पण मोबाइल बंद ठेवायला सांगणं घातक आहे. खरंच काही झालं तर पोराला फोन लावायचा कशावरून?

सगळ्यात वाईट ते ॲप. लिंक दाबली की प्ले स्टोअरबाहेरची एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल उतरते. अशी फाइल एसएमएस वाचायची परवानगी मागते, तुम्ही ‘हो’ म्हणता, आणि मग बँकेचा ओटीपी भामट्याला आयताच मिळतो. अँड्रॉइड फोनवर भूकंपाचा इशारा येतो हे खरं, पण तो जमीन हलायला लागल्यावर, लांबच्या लोकांना काही सेकंद आधी मिळतो. रात्रीचं वेळापत्रक कुणी देत नाही. फाइल टाकून बसला असाल तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

वीस जणांना पाठवायचंच असेल तर मार्च २०२४ च्या धक्क्यानंतर प्रशासनाने केलेलं आवाहन पाठवा: पत्र्याच्या घरावर वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून दगड ठेवलेले असतील, तर ते उतरवून घ्या.