पगारात हट्ट आणि रंगाऱ्याशी घासाघीस? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कडक आहे आणि तिची दोन ओळींत बोळवण करणं बरं नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, नोकरीच्या ऑफरवरच्या लेखात मी ‘पहिला आकडा लगेच मान्य करू नका’ असं लिहिलं होतं, आणि घराच्या रंगकामावरच्या लेखात ‘तीन रंगाऱ्यांकडून भाव घ्या’ असं. तुमच्या मते हा दुटप्पीपणा आहे. आपला घाम चढ्या भावाने विकायचा आणि रंगाऱ्याचा पाडून घ्यायचा.

यातला अर्धा आरोप मला मान्य आहे. तीन भाव घ्यायला सांगितलं, पण घेतल्यावर त्यांचं करायचं काय, हे लिहायचं राहिलं. सगळ्यात कमी भाव दाखवून बाकीच्या दोघांना खाली ओढायचं, असा अर्थ कुणी काढला असेल तर चूक लेखाची आहे. माझं म्हणणं उलट आहे. एकूण रकमेवर ओढाताण करूच नये. त्या रकमेत काय काय धरलंय ते उलगडून घ्यावं आणि बोलणं त्यावर करावं. पगारालाही हेच लागू पडतं.

आधी रंगकाम, कारण तुमचा राग तिथे आहे.

समजा भिंती आणि छत मिळून 2,000 चौरस फूट रंगवायचे आहेत. मटेरियलसह एकजण उक्ते 28,000 सांगतो, दुसरा 40,000. पहिल्याला विचारा, पुट्टी (भिंत सपाट करणारा लेप) किती धरली? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘टच-अप’, म्हणजे भेगा आणि खड्डे बुजवण्यापुरती. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात? धरलेलाच नसतो. दुसऱ्याने जुना रंग खरवडणं, पुट्टीचे दोन हात, पॉलिश पेपरने घासाई, प्रायमरचा एक हात आणि इमल्शनचे, म्हणजे वरच्या रंगाचे, दोन हात धरलेत. ही दोन निरनिराळी कामं आहेत, त्यांच्या भावाची तुलनाच होत नाही.

आता 40,000 वाल्याला ‘तेवढंच काम 30,000 मध्ये कर’ म्हटलं तर तो बहुधा हो म्हणेल. हाताखालच्या पोरांना काम द्यायचं असतं. पण ते 10,000 कुठून तरी निघणारच. पहिला बळी प्रायमरचा जातो, कारण वरून रंग चढल्यावर तो दिसत नाही. मग कोरडी पुट्टी रंग शोषून घेते आणि भिंतीवर चट्टे उठतात. त्यानंतर रंगात पाणी वाढतं. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाबाहेर पाणी गेलं की वाळलेल्या भिंतीवरून बोट फिरवल्यावर रंगाची पूड बोटाला लागते. हे मोजताही येतं. चांगल्या इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हात धरून साधारण 55 ते 65 चौरस फूट निघतात. म्हणजे 2,000 फुटांना 33 लिटरच्या आसपास रंग हवा: एक 20 चा, एक 10 चा आणि एक 4 चा डबा. घरात फक्त 20 चा एकच डबा आला असेल, तर तुमच्या घासाघिशीने नेमकं काय वाचलं ते समोर आहे.

मग बोलायचं कशावर? रंगाऱ्याचा खरा खर्च जिथे कमी होतो तिथे. सगळं घर एकदम रिकामं द्या. खोली-खोली करून दिलं की पुट्टी वाळेपर्यंत माणसं बसून राहतात आणि ती हजेरी भावात आधीच धरलेली असते. सामान स्वतः मधोमध ओढून झाकून ठेवा. तीन-चार छटांऐवजी एक-दोन ठेवा, म्हणजे उरलेला रंग वाया जात नाही. आणि खर्ची ठरल्या वारी द्या. दर आठवड्याला पोरांना पैसे द्यावेच लागतात, आणि गिऱ्हाईक टाळाटाळ करतं तेव्हा रंगारी ते स्वतःच्या खिशातून किंवा उसने घेऊन भागवतो. सुरुवातीला 20 ते 25 टक्के उचल, मग दर आठवड्याला खर्ची, आणि शेवटचे 10 टक्के दिवसाच्या उजेडात भिंती पाहून झाल्यावर, असं कागदावर लिहून दिलं तर भाव थोडा खाली यायला हरकत नसते. यात त्याच्या मजुरीला हात लागत नाही.

(रंगाच्या डब्यात निघणाऱ्या टोकनवरून, म्हणजे बक्षिसाच्या कुपनवरून, वाद घालू नका. कंपन्या ते रंगाऱ्यासाठीच ठेवतात. तो एखाद्याच ब्रँडचा आग्रह का धरतो हे त्यावरून कळतं, इतकं पुरे.)

आता पगार. ‘वर्षाला 12 लाखांची ऑफर’ हीसुद्धा उक्ती रक्कमच आहे, दरमहा हातात न येणारे भागही तिच्यात धरलेले असतात. बेसिक निम्मा, म्हणजे 6 लाख धरा. त्यावर कंपनीचा पीएफचा 12 टक्के वाटा 72,000. ग्रॅच्युइटी 4.81 टक्क्यांनी 28,860, जी कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं भरल्याशिवाय मिळत नाही. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, 12 लाखांच्या 10 टक्के असेल तर 1,20,000. विम्याचा हप्ता समजा 15,000. उरले 9,64,140, म्हणजे महिन्याला 80,345. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ 6,000 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 74,145. नव्या करप्रणालीत 2025-26 या आर्थिक वर्षासाठी या पगारावर प्राप्तिकर शून्य आहे, तरी महिन्याचे ‘लाख’ काही होत नाहीत.

इथे ‘13 करा’ म्हणून अडून बसण्याआधी विचारा: गेली दोन वर्षं व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिलं? ठोस उत्तर आलं नाही तर त्यातले 60,000 निश्चित पगारात मागा. कंपनीचा 12 चा आकडा तोच राहतो आणि तुमच्या हातात दरमहा 5,000 वाढतात. वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास जॉइनिंग बोनस पूर्ण परत करायचा की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हे पत्रात लिहून घ्या. नोटीस 90 दिवसांची की 30 ची, तेही. आणि रुजू होण्याची तारीख पाहा. ऑक्टोबरनंतर येणाऱ्याला एप्रिलची वाढ नाही, असा नियम अनेक ठिकाणी असतो, आणि आठवडाभराच्या फरकाने पगारवाढ सबंध वर्ष पुढे जाते.

दोन्हीकडे रीत एकच आहे हे यातून दिसावं. पण तुमचा एक मुद्दा त्यापलीकडचा आहे, आणि तो मला पटतो: दोन्हीकडची माणसं सारखी नाहीत. कंपनीकडे त्या जागेसाठी ठरलेली किमान-कमाल मर्यादा असते आणि तुमच्याशी बोलणाऱ्याचा स्वतःचा पगार त्यात पणाला लागत नाही. रंगाऱ्याचं तसं नाही, उक्त्या कामात जे कापलं जाईल ते त्याच्या घरून जातं. म्हणून तपशील पूर्ण असेल, माप बरोबर असेल आणि भाव बाकीच्यांच्या आसपास असेल, तर तो आहे तसा मान्य करा. उगाच ‘काहीतरी कमी करा’ म्हणू नका. हे वाक्य मूळ लेखात आज घातलं आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय, काम चालू असताना रंगारीच वाढवून मागतो, तेव्हा काय? आधी कशाचे मागतोय ते बघा. जुना रंग खरवडल्यावर आत ओल निघाली, पोपडे धरलेलं प्लास्टर पडलं, तर ते काम पहिल्या भावात नव्हतंच आणि त्याचे पैसे द्यायलाच हवेत. त्यासाठी जादा पुट्टी, प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंगचा चौरस फुटाचा दर पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा, आणि ओल निघाली तर दोघांनी मिळून टेप लावून मोजावं. पण गळती कुठून येते ते सापडेपर्यंत त्या भागावर पुट्टी चढवू देऊ नका. ओल्या भिंतीवर लावलेली पुट्टी पहिल्याच पावसात फुगून येते, आणि मग कुणाचं चुकलं यावरचं भांडण रंगाऱ्याच्याच गळ्यात पडतं.