नमुना देणाऱ्याचा लशीवर हक्क हवा

दक्षिण आफ्रिकेनं २४ नोव्हेंबर २०२१ रोजी कोरोनाच्या नव्या प्रकाराची माहिती जागतिक आरोग्य संघटनेला दिली. दोन दिवसांत त्याचं नाव ओमायक्रॉन ठरलं आणि युरोप-अमेरिकेनं तिकडच्या प्रवाशांना दारं बंद करायला घेतली. वेळेवर खरं सांगितलं, त्याची ही शिक्षा. मला आजही संताप येतो.

देणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही, हे इंडोनेशियानं आधीच ओळखलं होतं. ज्यांवरून लस बनते ते बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने बाहेर पाठवणं त्यांनी २००७ मध्ये थांबवलं. आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांचा सवाल सरळ होता: नमुने आमच्या रुग्णांचे, लस परदेशी कंपनीची, आणि ती आम्हालाच परवडणार नाही? त्यांच्यावर खूप टीका झाली. पण त्या भांडणातूनच नमुने आणि लशी वाटून घेण्याचा २०११ चा जागतिक आराखडा आला, फ्लूपुरता का होईना.

गोव्यात बसून हे दूरचं वाटत असेल, तर ब्रिटनमधल्या स्विंडनला ज्यांची मुलं आहेत त्यांना विचारा. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटननं, भारतात कोविशिल्डचे दोन्ही डोस घेतलेल्यांनाही लस न घेतलेलेच धरलं. लस ॲस्ट्राझेनेकाचीच, फक्त पुण्यात बनलेली. भारतानं उलट तेच नियम लावले, तेव्हा कुठं आठवड्याभरात मार्ग निघाला. पण ओमायक्रॉनच्या वेळी ज्यांना दारं बंद झाली, त्या आफ्रिकेतल्या मलावीनं किंवा लेसोथोनं काय उलट लावायचं होतं?

आणि आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. त्याच वर्षी दुसऱ्या लाटेत भारतानं लशीची निर्यात थांबवली, आणि गरीब देशांना लस पुरवणाऱ्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेवर विसंबलेले आफ्रिकी देश महिनोन्‌महिने ताटकळले. तेव्हा गोव्यातच प्राणवायूसाठी धावाधाव चालली होती. तो निर्णय का झाला हे मला कळतं. म्हणूनच म्हणते, हा न्याय ऐन संकटात कुणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडता येत नाही. तो आधी लिहून ठेवावा लागतो.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं महामारी करार मंजूर केला. महामारीत लस-औषधांच्या उत्पादनाचे २० टक्के संघटनेला मिळावेत, त्यांतले निदान निम्मे फुकट, असं त्यात आहे. पण नमुने कसे द्यायचे आणि त्याबदल्यात नेमकं काय मिळणार, हे परिशिष्ट तेव्हा पुढं ढकललं. माझ्या लेखी कराराचा जीव तिथंच आहे. शिवाय जगातली बहुसंख्य माणसं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत असताना २० टक्के फारच तोकडे आहेत.

भारतानं या परिशिष्टाच्या चर्चेत नुसता लस बनवणारा देश म्हणून बोलू नये, नमुना देणारा देश म्हणूनही बोलावं. पुन्हा निर्यातबंदीची वेळ आली तरी ठरलेला वाटा अडवणार नाही, हे आपण आजच कबूल करावं. गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यांतून औषधं परदेशी जातात. ती बनवणाऱ्या राज्यातून ही मागणी आपल्या खासदारांकडे जायलाच हवी.