खंडाळ्यात अडकलेला महेश्वरचा घाट

"काका, गूगलवर काही मिळूनच नाही राहिलं!"

इंदूरच्या मराठी घरांत ही आरोळी रविवारी संध्याकाळी उठते, कारण प्रोजेक्ट सोमवारी द्यायचा असतो. विषय: अहिल्यादेवींनी बांधलेले घाट. गूगलवर काही न मिळणं म्हणजे रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीतून उपाशी परतणं.

मी आधी पाहतो ते पोरानं टाइप काय केलंय. बहुतेकदा डायरीतलं अख्खं वाक्य, 'सविस्तर माहिती लिहा व चित्रे चिकटवा'सकट. दुसरं टोक म्हणजे नुसतं 'अहिल्या'. मग बाईंच्याच नावाच्या विमानतळावरच्या विमानांच्या वेळा येतात, त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाचे निकाल येतात, रामाच्या पावलांची वाट बघणारी शिळाही येते. 'घाट मराठी माहिती' टाकलं, तर आणखी मजा. हिंदीतला घाट नदीत उतरतो, मराठीतला डोंगरही चढतो; त्यामुळे महेश्वरला निघालेलं पोर थेट खंडाळ्याच्या वाहतूक कोंडीत.

म्हणून पहिली दहा मिनिटं मोबाईल कपाटात आणि हातात कागद-पेन्सिल. (रडारड गृहीत धरावी.) कागदावर तीन रकाने: कोण, काय, कुठे. प्रत्येकात एकाच गोष्टीची जमतील तेवढी नावं. 'कोण'मध्ये अहिल्यादेवी, अहिल्याबाई, अहल्याबाई. आडनाव दोनदा, होळकर आणि होलकर. हिंदीत आपल्या ळचा ल होतो आणि इथली बरीचशी माहिती हिंदीतच आहे. 'कुठे'मध्ये पोर अभिमानानं 'इंदूर' लिहितं. ते खोडून 'महेश्वर' लिहायला लावतो, कारण बाईंचा कारभार तिथून चालायचा. इंदूरकराच्या जिवाला हे जरा लागतं.

खरी ग्यानबाची मेख मात्र 'काय'च्या रकान्यात. मुलं लिहितात 'बांधलं'. जाणकार लिहितात 'जीर्णोद्धार'. काशी विश्वनाथाचं १७८०चं मंदिर असो की सोमनाथचं, या एका शब्दानं जी पानं उघडतात ती 'बांधलं'नं उघडत नाहीत. बारव, धर्मशाळा, अन्नछत्र हेही शब्द असेच. मुलाला ते ठाऊक नसतात, म्हणून पहिला शोध माहितीसाठी नसून शब्दांसाठी असतो: एक बरं पान वाचायचं, त्यातले जड शब्द कागदावर उतरवायचे आणि पुन्हा शोधायचं. एवढं कळलं तरी अर्धा गड सर.

आता प्रत्येक रकान्यातून एक शब्द: 'अहिल्याबाई जीर्णोद्धार काशी'. शब्द याच क्रमानं सलग हवे असतील तर अवतरणचिन्हांत. विमानतळ नको असेल तर त्या शब्दाआधी उण्याचं चिन्ह, पण चिन्हाला अगदी चिकटून. पोर मध्ये हमखास जागा सोडतं आणि विमान पुन्हा उतरतं.

निकालांच्या माथ्यावर यंत्रानं (एआयनं) रचलेला उतारा दिसतो, तो वहीत उतरवायला हात शिवशिवतात. त्याखालची निदान तीन पानं उघडायला लावावीत. पान लांबलचक असेल तर संगणकावर कंट्रोल आणि एफ. मोबाईलवर तीन टिंबांच्या मेनूत पानातला शब्द शोधायची सोय असते. ती माहीत नसल्यानं मुलं अंगठा दुखेस्तोवर सरकवत बसतात. दहा पानांवर तेच वाक्य त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसह दिसलं, तर साक्षीदार दहा नव्हेत, एकच. शिवाय सनावळी जुळवावी: जन्म १७२५, मृत्यू १७९५. ज्या पानावर बाई १८१७च्या महिदपूरच्या लढाईत तलवार चालवतात, ते मुकाट्यानं बंद करावं.

रात्री दहाला चित्रांची पाळी येते. इथंही तीनच शब्द टाक, असं मी बजावतो. पोराच्या डोळ्यांवर झोप असते, ते एकच टाकतं. सोमवारी वहीत नर्मदेकाठचा सुंदर घाट असतो: नागमोडी वळण, कठडा, आणि 'हॉर्न द्या'वाला एक मालट्रक.