दिव्यांग मुलांची माहिती घ्या, पण रकाने ठरवताना आमचंही ऐका

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांत माझी बहुतेक नोकरी गेली. यू-डायसचे, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी यंत्रणेचे, फॉर्म आधी कागदावर भरले, मग कॉम्प्युटरवर. आता निवृत्त आहे, त्यामुळे शिक्षकांच्या बैठकांत आपापसात जे बोलायचो ते इथे उघड लिहिते. दिव्यांग मुलांची माहिती सरकारने गोळा करावी याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण त्या फॉर्मात काय विचारायचं हे ठरताना त्या मुलांच्या आईवडिलांना आणि शिकवणाऱ्यांना कुणी विचारत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

मोजणी नको म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. नोंद नसलेल्या मुलाला श्रवणयंत्र मिळत नाही, रिसोर्स टीचर त्याच्या शाळेत येत नाही, त्याच्यासाठी पैसा मंजूर होत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ३३,०१२ दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे लोकसंख्येच्या सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. तेव्हा दिव्यांगत्वाचे आठच गट विचारले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया हे सगळं त्यात आलं. वाड्यावर फिरलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, तो सांगेल की खरा आकडा मोठा आहे. अंगणात शेजारीण उभी असताना प्रगणकाने "घरात कोणी अपंग आहे का?" म्हणून विचारलं, तर किती आया हो म्हणतील?

आता यू-डायस प्लसचं, म्हणजे त्याच यंत्रणेच्या ऑनलाइन रूपाचं बघा. २०२२-२३ पासून शाळेच्या एकूण आकड्यांऐवजी प्रत्येक मुलाची वेगळी नोंद होते. नाव, आधार, पालकांची नावं, सामाजिक गट, उंची, वजन, रक्तगट. मूल विशेष गरजा असलेलं आहे का, कोणत्या प्रकारचं दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमतेची तपासणी झाली का, ब्रेल पुस्तकं मिळाली का, व्हीलचेअर मिळाली का. शाळेबद्दलही प्रश्न असतात. रॅम्प आहे का? रॅम्पला कठडा आहे का?

माझ्या एका शाळेत रॅम्प होता, कठडाही होता. दोन्हींपुढे "होय". रॅम्प संपायचा तो व्हरांड्यात. शौचालय मागच्या बाजूला, तिथे जायला चिऱ्यांच्या दोन पायऱ्या. जूनमध्ये त्या चिऱ्यांवर असं शेवाळ धरायचं की धडधाकट मुलंही घसरायची. पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावणारी चौथीतली एक मुलगी दुपारपर्यंत पाणीच प्यायची नाही. का, ते तिच्या आईने मला सांगितलं. मुलगी लाजेने बोलत नव्हती. फॉर्ममध्ये त्या शाळेचं सगळं ठीक होतं, आणि भरलेला प्रत्येक शब्द खरा होता! "मूल वर्गातून शौचालयापर्यंत कुणाच्या मदतीशिवाय जाऊ शकतं का?" एवढा एक प्रश्न असता, तर ती मुलगी त्या माहितीत दिसली असती. हा प्रश्न कुठल्याही आईला सुचला असता. कारण तिला तो रोज पडतो.

तपासणीच्या प्रश्नाचंही तेच. "तपासणी झाली का?" "नाही." पुढे? का झाली नाही, हे कुणी विचारत नाही. एका कागदासाठी आईला मजुरी बुडवून दोन बस बदलून इस्पितळात जावं लागतं, तिथे डॉक्टर रजेवर असला तर पुन्हा दुसऱ्या दिवशी खेप. हे कारण लिहायला जागाच नाही. त्यामुळे वर बसलेल्यांना दिसतं की सत्तरीतल्या शाळांनी तपासणी केली नाही. बस नाही, हे दिसत नाही.

दुसरी गोष्ट या माहितीच्या वापराची. अपार आयडीसाठी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला मिळणाऱ्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी, संमतीच्या कागदावर सही घ्यायची होती तेव्हा एका आईने कागद हातात धरून विचारलं, "बाई, हें कोणाकोणाक दिसतलें?" तिच्या मुलाला आकडी येते. तिची भीती साधी होती. उद्या हायस्कूलने, परवा नोकरी देणाऱ्याने हे वाचलं तर? मी तिला उत्तर देऊ शकले नाही, कारण मलाही कुणी सांगितलं नव्हतं. अपार ऐच्छिक आहे हे मात्र मी तिला स्पष्ट सांगितलं. ते प्रत्येक पालकाला सांगितलं गेलं पाहिजे.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा म्हणतो की संमती मागताना दिलेली सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे. मराठी त्यात आहे, कोकणीही आहे. लहान मुलांच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण बहुतेक बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. आणि सरकारी लाभ व सेवांसाठी सरकारला या कायद्यात बरीच मोकळीक ठेवली आहे. आपल्या मुलांची बहुतेक माहिती तर सरकारकडेच जाते.

याच नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला हरकती-सूचनांसाठी खुला झाला होता. आलेल्या सूचना कुणालाही दाखवल्या जाणार नाहीत असं मंत्रालयाने तेव्हाच जाहीर केलं. म्हणजे फोंड्यातल्या एखाद्या कर्णबधिर मुलाच्या बापाने काय लिहिलं, ते डिचोलीतल्या दुसऱ्या बापाला कधी कळणार नाही. फेब्रुवारी २०१४ च्या केंद्राच्या धोरणाप्रमाणे मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो, सोप्या भाषेत टिपण द्यायचं असतं, आलेल्या सूचनांचा सारांश संकेतस्थळावर टाकायचा असतो. पण हे कायदे आणि नियमांपुरतं. यू-डायसमधला रकाना वाढला, गेला, बदलला, तर आम्हाला पोर्टल उघडल्यावर कळायचं.

अमेरिकेत फॉर्मसाठीसुद्धा कायदा आहे, १९८० पासून. केंद्रीय खात्याला दहा किंवा त्याहून जास्त लोकांना तेच प्रश्न विचारायचे असतील तर सहसा आधी नोटीस काढून ६० दिवस लोकांचं म्हणणं मागवावं लागतं, मंजुरीला पाठवताना आणखी ३० दिवस. फॉर्म भरायला किती तास लागतील याचा अंदाजही छापावा लागतो. (आमच्या एकशिक्षकी शाळांतला वर्ग सोडून पोर्टलपुढे गेलेला वेळ कुणी मोजला आहे?) २०२५ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने दिव्यांग मुलांच्या बाबतीत वंशानुसार होणाऱ्या तफावतीची काही माहिती राज्यांच्या वार्षिक अर्जातून वगळायचा प्रस्ताव मांडला. तो आधी लोकांपुढे आला, म्हणूनच विरोध करणाऱ्यांना वेळेवर लेखी विरोध करता आला. तिथलं सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही, पण ही पद्धत मला हवी आहे.

गोव्याला हे जड नाही. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला, तिथे सांकेतिक भाषेचे दुभाषे होते. महोत्सवासाठी जे जमतं ते फॉर्मच्या मसुद्यासाठी का जमू नये? २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शाळकरी मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं आहे. पुढच्या सर्वेक्षणाआधी प्रश्नावली मराठी-कोकणीत प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लावा, पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत वाचून दाखवा. कर्णबधिर पालकांसाठी व्हिडिओ, अंध पालकांसाठी ऑडिओ काढा. कोणती सूचना घेतली, कोणती नाही आणि का, ते छापा. आणि गोळा झालेल्या माहितीवरून आमच्या शाळेत काय बदललं, ते वर्षाच्या शेवटी त्याच फळ्यावर लिहा.

मी ओळखीच्या पालकांकडून प्रश्न लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. फॉर्ममध्ये काय विचारायला हवं होतं, आणि काय विचारायचं काहीच कारण नव्हतं, दोन्ही. मराठीत, कोकणीत, जसं जमेल तसं मेसेज करा. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा, मी लिहून काढते. मुलाचं नाव, शाळेचं नाव घालू नका, तालुका पुरे. सगळं एकत्र करून पर्वरीला शिक्षण खात्यात आणि राज्य दिव्यांगजन आयोगाकडे देणार आहे. पोच मिळाली की तिचा फोटो इथे टाकते.