लवादाकडे जायची वाट करारात आहे, परतीची नाही

नौपाड्यातील आमच्या २८ सदनिकांच्या सोसायटीने २०२१ मध्ये मोठ्या दुरुस्तीचे काम एका ठेकेदाराला दिले. त्या करारनाम्यातील एका कलमाने आज आमची जी कोंडी केली आहे, तिचा संताप मला आवरत नाही. वाद झाल्यास लवाद, म्हणजे न्यायालयाऐवजी वादाचा निवाडा देणारा पंच, कसा नेमायचा, बैठका कोठे घ्यायच्या, खर्च कसा वाटायचा, हे सारे त्यात तपशीलवार लिहिले आहे. पण निवाडा वेळेत आलाच नाही तर या प्रक्रियेतून बाहेर कसे पडायचे, याबद्दल एक ओळही नाही. सचिव म्हणून त्याखाली माझी सही आहे.

गच्चीचे वॉटरप्रूफिंग पहिल्याच पावसाळ्यात उखडले. सातव्या मजल्यावरच्या काकूंच्या ओट्यावर, गॅसच्या शेजारी, दर पावसाळ्यात गळतीखाली पातेले ठेवलेले असते, आणि ज्या कॉलमच्या जॅकेटिंगचे, म्हणजे मजबुतीसाठी भोवती नवे आवरण चढवण्याचे, पैसे आम्ही मोजले, त्याचा गिलावा फुगून आतली गंजलेली सळई दिसू लागली आहे. आम्ही शेवटचे बिल रोखून लवादापुढे दावा लावला, ठेकेदाराने त्या बिलासाठी प्रतिदावा लावला, आणि तेव्हापासून आम्ही फक्त तारखा घेतो आहोत. लवादाच्या शुल्कातला ठेकेदाराचा वाटाही आम्हीच भरला, कारण लवाद कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे पैसे जमा झाले नाहीत तर कामकाज थांबवता येते किंवा संपवता येते, आणि नुकसान शेवटी गळणाऱ्या घराचेच होते.

१९९६ च्या लवाद व समेट कायद्याच्या कलम २९-अ नुसार दावा-जबाब पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा यायला हवा. दोघांच्या संमतीने आणखी ६ महिने मिळतात, त्यापुढे न्यायालयाची परवानगी लागते. ही मुदत संपली तेव्हा आपण सुटलो असे आम्हाला वाटले होते. पण मुदत उलटल्यानंतरही वाढीचा अर्ज करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे, आणि ठेकेदाराने नेमका तोच अर्ज ठाणे जिल्हा न्यायालयात टाकला. लवाद दिरंगाई करतो म्हणून कलम १४ खाली त्याला हटवावे, तर त्याच्या जागी दुसरा येतो. माणूस बदलतो, प्रक्रिया तशीच राहते. दिवाणी दावा लावला, तर कलम ८ दाखवून समोरचा आम्हाला पुन्हा लवादाकडेच पाठवणार. कलम ३२ प्रमाणे दोन्ही पक्षांच्या संमतीने प्रक्रिया संपवता येते, पण वाद लोंबकळत राहिला की ज्याला दुरुस्तीला हातच लावावा लागत नाही, तो संमती कशाला देईल? आम्ही दावा मागे घेतला तरी त्याचा प्रतिदावा उभाच राहतो. ही संमती भांडण व्हायच्या आधी, करारावर सह्या होतानाच लिहून घ्यायला हवी होती, आणि ती घ्या असे आम्हाला कोणीही सांगितले नाही, मसुदा तपासण्याचे पैसे घेणाऱ्या सल्लागारानेसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात लिफ्टच्या कामाचा नवा करारनामा माझ्यासमोर आला. त्यात शब्दन् शब्द तेच कलम होते. ठरलेल्या मुदतीत निवाडा न आल्यास कोणत्याही पक्षाला लेखी नोटीस देऊन लवादाची प्रक्रिया संपवता येईल व न्यायालयात जाता येईल, एवढे एक वाक्य घाला, असे मी म्हटले, तर 'आमचा नमुना ठरलेला आहे' असे उत्तर मिळाले. तो करारनामा मी सही न करता परत पाठवला आहे.