1865 ची मुंबई आणि अजून न वाचलेली एक कादंबरी

मराठी ऐतिहासिक कादंबरीने आपल्याला गड, दरबार आणि रणांगणे भरभरून दाखवली, आणि वाचक म्हणून मी त्याबद्दल कृतज्ञ आहे. मात्र मी वाचलेल्या अशा बहुतेक कादंबऱ्यांत शहर दिसते ते नायकाची स्वारी ज्या रस्त्याने जाते तेवढेच. एखादे महानगरच कथेचा विषय व्हावे, तिथले पाणी, बाजार, अफवा आणि भूक यांनी पात्रांचे आयुष्य घडवावे किंवा मोडावे, अशी कादंबरी मला हवी आहे. तिच्यासाठी 1861 ते 1865 या काळातल्या मुंबईइतका योग्य विषय मला दुसरा दिसत नाही.

अमेरिकेत 1861 मध्ये यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत एवढा पैसा येऊन पडला की तो ठेवायला नव्या बँका निघाल्या, आणि बॅक बेचा समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या कंपनीच्या शेअरांवर सट्टा सुरू झाला. कापसाचे आणि शेअरांचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार चढत आणि उतरत असे. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपत आल्याची वार्ता आली, कापसाचे भाव कोसळले आणि 1 जुलै या वायदे चुकते करण्याच्या दिवशी एकामागून एक पेढ्या बुडाल्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान, लोकप्रिय माणसाचीही कमाई या शेअरांत गेली. त्याच महिन्याच्या 31 तारखेला मुंबईचे पुढारी नाना शंकरशेट वारले.

हा सगळा इतिहास छापील आहे, पण कादंबरीकाराचे काम त्याच्या पुढे सुरू होते. आज जुनी मुंबई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे उभे राहते त्यातले जवळजवळ काहीच तेव्हा नव्हते. राजाबाई टॉवर पुरा झाला 1878 मध्ये, घोड्यांची ट्राम आली 1874 मध्ये, व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत तर त्याहून नंतरची. रस्त्यावर गॅसचे दिवे लागले तेही 1865 च्या उत्तरार्धात, म्हणजे तेजी ओसरल्यावर. त्यामुळे 1863 मधला दलाल रात्री घरी परततो तो तेलाच्या मिणमिणत्या दिव्यांच्या रस्त्याने. त्याच्या आजूबाजूला गव्हर्नर फ्रियर साहेबांच्या कारकिर्दीत पाडल्या जाणाऱ्या कोटाच्या भिंती आहेत, आणि विहार तलावाचे पाणी नळाने यायला लागून जेमतेम काही वर्षे झाली आहेत. विहिरी आणि तलावांवर वाढलेल्या गृहिणीला नळाच्या पाण्याबद्दल काय वाटले असेल, सोवळ्याचे काय झाले असेल, हा एक प्रश्न मला शेअर बाजाराच्या दहा प्रसंगांइतका मोलाचा वाटतो. माणसे कल्पनेतली असावीत, त्यांची सुखदुःखे लेखकाने मोकळेपणाने रचावीत, पण शहर मात्र त्या वर्षी होते तसेच असावे, असा माझा आग्रह आहे. वाचकाच्या हाताला शहराची भिंत खरी लागली, तरच त्या भिंतीआडच्या माणसावर त्याचा विश्वास बसतो.

साधनांची वाण आहे असे कोणी म्हणू नये. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 मधलेच आहे, म्हणजे ऐन तेजीत, मराठीत आणि मुंबईतच लिहिलेले. एका मराठी माणसाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले हे शहर आपल्याजवळ असताना लेखकाने दरबारी थाटाची भाषा मुंबईच्या तोंडी घालू नये. गिरगावातला पाठारे प्रभू, माझगावचा कोळी, रत्नागिरीहून पडावाने आलेला हमाल आणि गुजराती बोलणारा दलाल ही एका सुरात बोलणारी माणसे नव्हती.

आणखी एक गोष्ट मला सतत अस्वस्थ करते. 1864 च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या 8 लाख 16 हजारांहून अधिक भरली होती आणि 1872 मध्ये ती 6 लाख 44 हजारांवर आली. मोजणीतले दोष गृहीत धरले तरी फार मोठ्या संख्येने माणसे हे शहर सोडून गेली, हे उघड आहे. प्रेमचंद रायचंद यांचे पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही विद्यापीठात आहे. पण कापसाच्या गाठी वाहणाऱ्या, भरावासाठी दगडमाती टाकणाऱ्या, तेजीच्या मजुरीवर विसंबून घरची जमीन गहाण ठेवून आलेल्या माणसाचे नाव कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. तो कोकणात परतला का, परतल्यावर सावकाराने त्याला काय ऐकवले, त्याची बायको मुंबईतच कोणाच्या घरी कामाला राहिली का, हे सांगण्याचा अधिकार आता फक्त कादंबरीकाराकडे उरला आहे. म्हणून ज्या कोणाला हा विषय घ्यावासा वाटेल त्याला माझी कळकळीची विनंती आहे की कादंबरी 1 जुलैच्या दिवाळखोरीवर संपवू नये. तिने 1872 च्या त्या मोजणीपर्यंत जावे आणि त्या हमालाच्या मागोमाग त्याच्या गावापर्यंतही जावे.